तक्रार : चेहरे काळे येतात

आमच्या धंद्यातले चांगले प्रसंग लक्षात राहत नाहीत. लग्न छान झालं, कॅसेट छान निघाली, मंडळी खूश झाली, की घरी पोचेपर्यंत ते डोक्यातून गेलेलं असतं. राहतं ते फक्त डोकं फिरवणारं. आणि असला संताप एकट्याला पचत नाही, म्हणून आम्ही तो भिंगारला दळवींच्या दुकानात नेऊन ओतायचो. नव्वद सालानंतरची सात-आठ वर्षं आम्ही हेच केलं. त्यातून हे किस्से साठत गेले.

दळवी आधी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये वायरलेस सेट दुरुस्त करायचे. रिटायर झाल्यावर भिंगारच्या जुन्या बाजारात एक गाळा घेऊन टीव्ही, व्हीसीआर आणि आमचे व्हिडिओ कॅमेरे दुरुस्त करायला बसले. कॅमेरा आला की त्याच्या पट्ट्याला सुतळीनं पुठ्ठ्याचं लेबल बांधायचे आणि आणणारा जे बोलेल ते शब्द जसेच्या तसे त्यावर लिहायचे. ‘तक्रार : कॅसेट खातो.’ ‘तक्रार : नवरदेव हिरवा येतो.’ सगळ्यात जास्त वेळा लिहिलेली तक्रार मात्र एकच, ‘चेहरे काळे येतात.’

तपासून झालं की लेबलाच्या पाठीमागं दळवी निदान लिहायचे. या तक्रारीमागचं निदानही बहुतेक ठरलेलं असायचं : ‘कॅमेरा ठीक. चालवणारा तपासावा.’

त्या चालवणाऱ्यांत मीही होतो. मी नगरचा, लग्नाची शूटिंग करणारा. माझा मित्र सॅम्युअल श्रीरामपूरचा, तोही तेच करणारा. सॅम एसटीनं यायचा, कॅमेरा मांडीवर घेऊन, लहान पोर घेतल्यासारखा.

*

एकदा मुंबईहून एका डीलरचा माणूस थ्री सीसीडीचा नवा कॅमेरा दाखवायला नगरला आला. साध्या कॅमेऱ्यात चित्र पकडणारी चिप एकच असते. यात तीन, लाल-हिरव्या-निळ्या रंगासाठी वेगवेगळ्या. आम्हाला हे ऐकूनच घाम फुटला होता. स्टेशन रोडच्या एका लॉजच्या हॉलमध्ये त्यानं दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवले. एकाला आमचा जुना कॅमेरा जोडला, एकाला त्याचा नवा. समोर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी आणि एका गोऱ्या मडमेचा फ्रेम केलेला फोटो.

नव्या कॅमेऱ्याचं चित्र खरोखर सुरेख होतं. मडमेच्या टोपीची वीण दिसत होती. आमचं चित्र शेजारी पाण्यात बुडाल्यासारखं.

दळवी मागच्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, “मडमेचं लग्न आमच्याकडं नसतं. जिवंत माणूस बसवा.”

तो माणूस हसला आणि स्वतःच बसला. चांगला गोरापान होता. मस्त दिसला.

“तुम्ही नाही,” दळवी म्हणाले, आणि लॉजच्या आचाऱ्याला बोलावून आणलं. धोंडीराम त्याचं नाव. भट्टीपुढं उभा राहून राहून आणखी रापलेला, काळाकुळकुळीत माणूस, डोक्यावर पांढरी टोपी. तो खुर्चीत बसला आणि नव्या टीव्हीवर काय दिसलं, तर टोपी, डोळे आणि दात. मधलं सगळं गायब. जुन्या कॅमेऱ्याच्या टीव्हीवर मात्र धोंडीराम बऱ्यापैकी दिसत होता, कारण तो कॅमेरा दळवींनी आतून जुळवून दिलेला होता.

डीलरचा माणूस क्षणभर गडबडला. मग शांतपणे म्हणाला, “सर, यांच्या चेहऱ्यातच मुळात डिटेल कमी आहे.”

धोंडीराम तिथंच बसलेला. समोर.

दळवी उठले. नव्या कॅमेऱ्याच्या कुशीतलं झाकण उघडलं, आत बारीक खाचा होत्या, त्यातली एक पेचकसानं जराशी फिरवली. चित्रातला अंधारा भाग वर उचलणारी ती सेटिंग. “अहो, अहो, फॅक्टरी सेटिंग आहे ते,” डीलरचा माणूस म्हणेपर्यंत टीव्हीवर धोंडीराम उगवला. गालावरचा देवीचा व्रण दिसला. भुवया दिसल्या. टोपी जरा जास्त पांढरी झाली एवढंच.

धोंडीराम टीव्हीकडं बघत म्हणाला, “मीच हाय का ह्यो? बरा दिसतोय की.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. चहा झाला. आणि कॅमेरा पेटीत ठेवायच्या आधी त्या माणसानं पहिलं काम काय केलं सांगू? खिशातून पेचकस काढला आणि ती खाच होती तिथं परत नेऊन ठेवली.

*

मी पुढं एक छोटा कॅमेरा घेतला. दोन तळहातांवर मावणारा. चित्र आमच्या खांद्यावरच्या धुडापेक्षा कितीतरी स्वच्छ यायचं. सगळं वाचून, दळवींकडं दोन दिवस शेजारी शेजारी ठेवून, तपासून घेतला होता. मला वाटलं, लोकांना आनंद होईल.

पहिलंच लग्न तिसगावचं. नवरदेवाचे वडील मांडवाच्या दारात उभे. माझ्या हाताकडं बघून म्हणाले, “ह्यो काय डबा आनलाय? कॅमेरा कुटं हाय?”

“हाच कॅमेरा आहे. याचं चित्र मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा चांगलं येतं.”

“चित्र मागनं बगू. मांडवात लोकं तुमच्याकडं बगत्यात. त्यास्नी काय दिसायचं? आमी काय गरीब हाय का?”

मी जीव तोडून समजावलं. चिप सांगितली, रंग सांगितले. ते म्हणाले, “मोटा आना, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

लग्नाला चार तास अवकाश होता. सॅम त्या दिवशी दळवींकडं आला होता. मी एसटी स्टँडवरून फोन केला. दळवींकडं एक मेलेला कॅमेरा पडून होता, आतले भाग काढून घेतलेला, नुसता सांगाडा. दळवींनी त्याच्या पुढच्या लाल दिव्याला पेन्सिल सेल जोडून दिला आणि सॅम तो सांगाडा खांद्यावर घेऊन तिसगावात उतरला.

काय थाट होता. सॅम पुढं पुढं, खांद्यावर धूड, लाल दिवा पेटलेला. लोक पदर सावरत होते, मिश्यांवरून हात फिरवत होते. एक म्हातारी त्या सांगाड्याच्या पाया पडली. मी त्याच्या उजव्या अंगाला, जरा मागं, माझा डबा घेऊन सगळं टिपत होतो.

पंधरा दिवसांनी मी कॅसेट दिली. अडीच तासांच्या त्या कॅसेटमध्ये एक माणूस कॅमेऱ्याकडं बघत नाही. नवरा-नवरी, व्याही, पाहुणे, सगळे हसून डावीकडं बघतायत.

नवरदेवाच्या वडिलांनी पूर्ण बघितली आणि मला म्हणाले, “मी सांगितलं व्हतं ना? लोकं मोट्या कॅमेऱ्याकडंच बगत्यात. आता त्येची कॅसेट कवा देताय?”

*

आता जे सांगतो त्यात मला हसू येत नाही. राग येतो, आणि तो माझाच.

नगरच्या एका कॉलेजात प्राध्यापक साळवे होते. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची शूटिंग मी केली. बौद्ध पद्धतीचं लग्न. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यात, स्टेजवरची निम्मी माणसं पांढऱ्यात, मागं पांढरा पडदा. आणि मी कॅमेरा ऑटोवर ठेवलेला. ऑटोवर कॅमेरा काय करतो, तर समोर पांढरं जास्त दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला. मग तो भिंगातली पापणी मिटत नेतो. आयरिस म्हणतात तिला. ती मिटली की साडीची एक एक चुणी दिसते आणि चेहरे अंधारात जातात.

साळवे सर कॅसेट घेऊन दळवींच्या दुकानात आले. त्यांना कुणीतरी मी तिथं असतो म्हणून सांगितलं होतं. दळवींनी कॅसेट लावली. त्रिसरण-पंचशील चाललेलं. साड्या चमकतायत. चेहऱ्यांच्या जागी काळे डाग.

नगरच्या एका मोठ्या स्टुडिओचे मालक तेव्हा दुकानात बसले होते. त्यांचं नाव घेत नाही. ते म्हणाले, “सर, वाईट वाटून घेऊ नका. पण कॅमेरा काय, जे असेल तेच दाखवतो.”

सॅमनं मान खाली घातली. मी साळवे सरांकडं बघू शकलो नाही.

सर त्या मालकांना म्हणाले, “माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट तुमच्याच स्टुडिओनं काढली होती. त्यात आमची आई आहे. साडीवरून ओळखतो आम्ही तिला. आता ती नाही.”

मालक घड्याळ बघून उठले आणि गेले.

मग सर माझ्याकडं वळले. आवाज चढला नव्हता. “यावर काही बटन असतं का?”

“असतं.”

“दाखवा.”

मी कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाचं छोटं बटन दाखवलं. एका बाजूला ऑटो, दुसऱ्या बाजूला मॅन्युअल. सरांनी बोट ठेवून ते इकडचं तिकडं केलं. टक् असा आवाज आला.

“मग?”

“मग गालावर झूम करायचं, चेहरा नीट दिसेल इतकी आयरिस उघडायची आणि तिथंच ठेवायची. साडी थोडी जास्त पांढरी होते.”

“आणि हे तुम्हाला माहीत होतं?”

मी हो म्हणालो. खोटं बोलता आलं असतं. दळवी समोर होते म्हणून नाही बोललो.

सर म्हणाले, “माहीत नसतं तर मला कमी वाईट वाटलं असतं.”

दळवींनी टीव्हीचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघितला. काळे डाग राखाडी झाले, बाकी काही नाही. जे टेपवर आलंच नाही ते नंतर कुठून आणणार? त्या दिवशी त्यांनी माझ्या कॅमेऱ्याला लेबल बांधलं आणि निदानाची बाजू वर करून बांधलं. ते मी महिनाभर काढलं नाही.

दोन वर्षांनी सरांच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. सर माझ्याकडंच आले. मी विचारलं नाही, का म्हणून. लग्नाच्या दिवशी वंदना सुरू व्हायच्या आधी ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “बटन?”

मी दाखवलं. मॅन्युअलवर होतं.

हार घालायच्या आधी परत आले. “बटन?” जेवणावळीत परत. त्या दिवशी पाच वेळा विचारलं असेल. मला एकदाही राग आला नाही.

त्या कॅसेटमध्ये त्यांचे वडील आहेत. पांढरा सदरा, पांढरा फेटा, आणि चेहऱ्यावरची एक एक सुरकुती दिसते. सरांनी बघितली. म्हणाले, “हिच्या चार कॉप्या करा.”

*

सॅमची गोष्ट छोटी आहे. श्रीरामपूरला चर्चमध्ये लग्न होतं आणि नवरीच्या मामांनी सॅमच्या नव्या कॅमेऱ्याचं खोकं वाचलं. खोक्यावर लिहिलं होतं, आठ डिजिटल इफेक्ट. निगेटिव्ह, जुन्या फोटोसारखा तपकिरी रंग, चित्र तुकड्यातुकड्यांनी पुढं जाणं, असलं काय काय.

मामा त्या दिवशी सॅमच्या कानाशीच राहिले. “किती झाले?”

“दोन, मामा.”

“दोनच? बाकीचे सहा कुणाच्या लग्नात वापरणार?”

पाळक साहेबांनी नवरा-नवरीला शपथा द्यायला सुरुवात केली. मामा म्हणाले, “आता निगेटिव्ह टाक.”

“मामा, शपथ चालू आहे.”

“म्हणूनच म्हणतोय.”

सॅम स्वभावानं गरीब. पण त्याचे वडील त्याच चर्चमध्ये चाळीस वर्षं पेटी वाजवायचे. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. शपथा त्यानं जशा होत्या तशा घेतल्या, एकाही बटनाला हात न लावता. आणि नंतर दिवसभर, मामा फ्रेममध्ये आले रे आले की तो मोझेक दाबायचा. मोझेक म्हणजे सगळ्या चित्राचे मोठे मोठे चौकोन होतात. मामा गेले की चित्र साफ. मामा आले की चौकोन.

मामांनी कॅसेट बघितली आणि तणतणत आले. “अरे, मी दिसतच नाही. मी आलो की टीव्ही बिघडतो.”

सॅम म्हणाला, “बिघडत नाही मामा. तो आठवा इफेक्ट.”

*

कॅमेऱ्यात तारीख आणि वेळ लावायची सोय असते. कोपऱ्यात आकडे येतात. ते घड्याळ आतल्या एका चपट्या सेलवर चालतं. तो सेल संपल्यावर कॅमेरा बंद करून चालू केला की तारीख मागं कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीला जाऊन बसते. माझ्या कॅमेऱ्याचा तो सेल वर्षभर संपलेला होता. बदलायचा राहत होता. कोपऱ्यातले आकडे कोण वाचतंय, असं मला वाटायचं.

वाचणारा निघाला.

शेवगावकडच्या एका खेड्यातली मंगल. तिच्या लग्नाची शूटिंग मी केली होती. चार वर्षांनी नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि कोर्टात सांगितलं की दुसरीशीच आपलं लग्न आधी झालंय, मंगलशी झालं ते नंतरचं, म्हणजे ते लग्नच नव्हे. मंगलच्या भावानं पुरावा म्हणून कॅसेट दिली. आणि मला साक्षीला बोलावलं.

नवऱ्याच्या वकिलानं कॅसेटच्या कोपऱ्यातली तारीख वाचून दाखवली. “या तारखेला मुलगी सातवीत होती आणि नवरदेवाला मिसरूडही फुटलं नव्हतं. साहेब, ही कॅसेट काय विश्वासाची आहे?”

मी म्हणालो, “घड्याळाचा सेल गेला होता.”

“म्हणजे तुमचा कॅमेरा खोटं बोलतो.”

“तारखेपुरतं.”

कोर्टात हशा पिकला. मला त्या वकिलाची मान धरावीशी वाटली. पण तो बोलत होता त्यात चूक काय होतं? मंगल कोपऱ्यात उभी होती, अंगभर पदर घेऊन. तिच्या आयुष्याचा निकाल माझ्या बोराच्या बीएवढ्या सेलवर येऊन अडला होता.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी विचारलं, “लग्नाची खरी तारीख कळेल असं कॅसेटमध्ये दुसरं काही आहे का? पत्रिका, फलक, कॅलेंडर?”

मला आठवेना. अशी शेकडो लग्नं केलेली.

तेव्हा मंगल बोलली. “भटजींनी म्हनलंय की.”

“काय म्हटलंय?”

मंगलनं डोळे मिटले आणि संकल्प म्हणायला लागली. लग्नात सुरुवातीला भटजी म्हणतात तो. शके, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, सगळं एका सुरात, कुठं न अडखळता. भटजी मधे खोकले होते तिथं थांबली आणि पुढं म्हणाली. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. शाळाही सातवीलाच सुटलेली. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी बसून तिनं ती कॅसेट इतक्या वेळा बघितली होती.

बाईंनी टीव्ही आणि व्हीसीआर मागवला. कॅसेट लावली. आवाज स्पष्ट होता. खोकल्यासकट. पंचांग आणून तिथी जुळवली, तर मंगलचं लग्न आधीचं निघालं, नवऱ्यानं दुसरीशी लग्नाची म्हणून सांगितलेल्या तारखेच्याही चांगलं वर्षभर आधीचं. पुढं निकाल मंगलच्या बाजूनं लागला.

बाहेर व्हरांड्यात मी तिच्यापुढं हात जोडले. म्हणालो, “ताई, तुझ्यामुळं वाचलो.”

ती म्हणाली, “दादा, तारीख तुमी चुकवली आन पाठ मला करावं लागलं.”

दळवींनी सेल बदलून दिला. नंतर माझ्या हातात कॅमेरा देताना ते दर वेळी विचारायचे, “आज वार कोणता?”

*

आणि आता हा शेवटचा.

थोरात भिंगारलाच राहायचे, लष्कराच्या एका कार्यालयात हेडक्लार्क. त्यांची मुलगी शैलजा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिचं लग्न जमवायचं चाललं होतं. त्या काळात नवीन खूळ निघालं होतं, लांबची मंडळी मुलगी बघायला यायच्या आधी तिची कॅसेट मागायची. नागपूरच्या एका स्थळानं मागितली होती. थोरातांनी मला घरी बोलावलं.

मी कॅमेरा तिवईवर लावला. थोरात म्हणाले, “आधी हे बघा.” आणि त्यांनी व्हीसीआरवर दोन कॅसेटी लावून दाखवल्या. आधीच्या दोन स्थळांसाठी दोन वेगवेगळ्या शूटिंगवाल्यांनी काढलेल्या. पहिलीत शैलजा खिडकीकडं पाठ करून बसलेली, नुसती सावली. त्या स्थळानं कळवलं, मुलगी फार काळी आहे. मग दुसऱ्या शूटिंगवाल्यानं आयरिस पूर्ण उघडली आणि गेन, म्हणजे चित्राचा उजेड आतूनच वाढवायची सोय, तीही चढवली. त्यात नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. कानातल्या कुड्या हवेत तरंगत होत्या. ती कॅसेट बघून मंडळी साताऱ्याहून आली. पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि जाताना मुलाच्या मावशीनं विचारलं, “कॅसेटमधली मुलगी कुठंय?”

शैलजा शेजारी उभी राहून हे सगळं ऐकत होती.

थोरात मला म्हणाले, “दोन्ही कॅसेटी बघितल्यात ना? आता या दोन्हींच्या मधलं काहीतरी करा.”

मी तिला खुर्चीत बसवलं. कॅमेऱ्याची वायर घरातल्या टीव्हीला जोडली, म्हणजे थोरातांना दिसावं. तिच्या गालावर झूम केलं, आयरिस लावली, मागं आलो. चित्र अगदी बरोबर होतं. सावळा रंग, त्यावर खिडकीतला उजेड, चष्म्याआडचे डोळे. मी टेप चालू केली. तिनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं.

टीव्हीकडं बघत थोरात म्हणाले, “जरा उघडा.”

मी भिंगाचं कडं थोडं फिरवलं.

“अजून थोडं.”

परत फिरवलं. मला लाज वाटत होती, पण फिरवलं. कुड्या तरंगायला लागल्या.

शैलजा बोलायची थांबली. “दादा, टीव्ही माझ्याकडं फिरवा.”

मी फिरवला. तिनं स्वतःकडं बघितलं. मग मला विचारलं, “आयरिस फिरवताय ना? आता कितीवर आहे?”

“दोन पॉइंट आठ.”

“आणि बरोबर किती होती?”

“पाच पॉइंट सहा.”

“म्हणजे चौपट उजेड.” ती वडिलांना म्हणाली, “बाबा, मी आहे त्याच्या चौपट.”

थोरात म्हणाले, “अगं, तुझ्या भल्यासाठीच करतोय ना मी?”

ती उठली. “तुम्ही बसा इथं.”

“मी कशाला?”

“बसा ना, बाबा.”

थोरात बसले. ऑफिसातून आलेले, खिशाला पेन, वर्णानं मुलीसारखेच. नव्हे, मुलगी त्यांच्यासारखी. टीव्ही आता त्यांच्यासमोर होता. शैलजा माझ्या शेजारी आली आणि तिनं भिंगाच्या कड्यावर हात ठेवला. मी बाजूला झालो. टेप बंद करायचं मला सुचलंच नाही.

“सांगा, किती उघडू?”

थोरात खुर्चीत ताठ बसले.

तिनं कडं शेवटपर्यंत फिरवलं. टीव्हीवर थोरात खडूसारखे पांढरे झाले. नाक गेलं, गाल गेले, फक्त मिशी आणि पेन राहिलं. थोरात त्या मिशीकडं बघत राहिले. मग सावकाश, अगदी सावकाश, तिनं कडं उलटं फिरवत आणलं आणि पाच पॉइंट सहावर थांबवलं. आधी कपाळ आलं, मग गालफडं, मग डोळ्यांखालची वर्तुळं. थोरात जसे होते तसे खुर्चीत आले.

मग मी टेप बंद केली आणि म्हणालो, “साहेब, मागं नेऊन परत पहिल्यापासून घेऊ का?”

त्यांनी नको म्हणून मान हलवली. कॅसेट काढून मागितली. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक खिटी असते, ती मोडली की त्या कॅसेटवर परत काही घेता येत नाही. थोरातांनी खिशातलं पेन काढलं आणि त्याच्या टोकानं ती खिटी मोडली. मग त्याच पेनानं नागपूरचा पत्ता लिहिला. पोस्टात मीच टाकली ती, दुसऱ्या दिवशी सकाळी, रजिस्टर करून.

त्या कॅसेटमध्ये शैलजा सुरुवातीला दीड-दोन मिनिटं आहे. पुढं सगळे थोरातच आहेत, खुर्चीत ताठ बसलेले. अगदी शेवटी, चित्र स्थिर झाल्यावर, कॅमेऱ्यामागून तिचा आवाज येतो :

“हे माझे वडील. मी यांच्यावर गेलेय.”